रिमोटचं शटर

मोबाईलवर चार व्हिडिओ बघून आमच्या ह्यांनी गॅरेजचं वायरिंग स्वतःच केलं. तिन्ही भिंतींना प्लग, शटरला मोटर, आणि अख्ख्या घराचा मेन स्विचसुद्धा हलवून गॅरेजच्या आत बसवला. शटर हाताने ओढायची जुनी साखळी होती, ती "आता हा गावंढळपणा कशाला" म्हणत काढून टाकली.

मी विचारलं, "आणि लाइट गेली तर?"

"तू मिक्सरचं बटण सांभाळ, तेवढं पुरे."

आज सकाळी ह्यांनी माझ्या दादाला मुद्दाम बोलावून घेतलं आणि त्याच्यासमोर रिमोट दाबून थाटात शटर खाली आणलं. ते जमिनीला टेकलं मात्र, घरातले दिवे, पंखे, सगळं एकदम बंद. मेन स्विच पडला होता आणि तो शटरच्या आत होता. शटर वर जायला वीज हवी होती. मला कामावर जायचं होतं, आणि माझी गाडीही आतच.

दादाने माझ्याकडे बघितलं, मी दादाकडे.

हे मात्र रिमोट तळहातावर आपटत गंभीरपणे म्हणाले, "सेल गेलेत वाटतं."