बाबांसाठी चंद्र

टणकन आवाज झाला. कॅमेरा दुर्बिणीला जोडायची रिंग पुन्हा घरंगळत पलंगाखाली गेली.

"झोपमोड केलीस ना!" लेक करवादली.

बोटीवरच्या बाबांना आज चंद्राचा फोटो पाठवायचा, असं आईने तिला कबूल केलं होतं. पण रिंग बसता बसेना, आणि बसली की कॅमेऱ्याच्या वजनाने दुर्बीण मान टाकायची. आई रडकुंडीला आली. शेवटी केसांच्या रबराने तिने सगळं आवळलं, तेव्हा कुठे स्क्रीन उजळली.

चंद्र नव्हताच. काळोखात एक हात सावकाश हलत होता.

लेक स्क्रीन बघून हरखली आणि दुर्बिणीच्या पुढच्या टोकाशी धावली.

"आई, झाकण तर काढलंच नाहीयेस गं! मग बाबा आत कसे शिरले?"