रेघेवरचं बोट

वजनांचा बार छातीपासून वीतभर वर आला आणि तिथेच अडला. चिमणीने सवयीप्रमाणे डोळे घट्ट मिटले, दात आवळले, टाचा जमिनीत रोवल्या. बार काही हलेना. उशाशी उभ्या असलेल्या वहिनीने तो दोन्ही हातांनी धरला आणि स्टँडवर ठेवून दिला.

"बाद," वहिनी म्हणाली.

या व्यायामशाळेचा नियमच तसा होता. बेंचवर झोपून वजन उचलताना दुसऱ्याचं बोट जरी बाराला लागलं, तरी ती उचल बाद. वहिनी तर याबाबतीत महाकडक. सख्ख्या नणंदेलाही तिने कधी सूट दिली नव्हती.

चिमणी हे नाव तिच्या दादाने ठेवलेलं. पुढे ती बेकरीत पिठाची पोती उचलू लागली, इथे येऊन छातीवरून साठ किलो ढकलू लागली, तरी चिमणी ती चिमणीच राहिली. गेले काही आठवडे मात्र तेच साठ किलो तिचा जीव काढत होते. कसेबसे वर जायचे. आज तेवढेही गेले नाहीत.

"झोप नीट झाली नाही," ती उठून बसत म्हणाली. वहिनीकडे तिने पाहिलं नाही.

पाहणार तरी कशी? दादाचंही असंच सुरू झालं होतं. आधी बरणीचं झाकण उघडेना. मग शर्टाची बटणं लागेनात. दंड वाळत गेले, आणि शेवटी वहिनी त्याला घास भरवायची. हा आजार क्वचित त्याच घरात आणखी कुणाला होतो, असं डॉक्टर तेव्हा बोलून गेले होते. दादा गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून दोघी नणंद-भावजया इथे येऊ लागल्या. आता चिमणीची पाचावर धारण बसली होती. पण ज्या बाईने एकदा हे सगळं निस्तरलं, तिलाच पुन्हा कोणत्या तोंडाने सांगायचं?

"कुठे दुखतंय का?" वहिनीने विचारलं.

"खांदा. पुढून. थोडासाच."

"दुखतोय?" वहिनीचा आवाज एकदम चढला. "अगं, मग बोलली का नाहीस? यांना कधी दुखलंच नव्हतं. नुसतं गळत गेलं सगळं. तुला दुखतंय म्हणजे..." तिने भराभर बारावरची वजनं उतरवली. "झोप परत. रिकामा बार धर."

वहिनी कपडे शिवायची. माणूस समोर आला की तिला आधी त्याची बाही दिसायची, मग चेहरा. चिमणीने रिकामा बार छातीवर आणला, तशी ती उशापासून निघून पायाशी गेली आणि वाकून बघत राहिली.

"कोपरं एवढी बाहेर का गेलीत तुझी? आधी काखेपासून जराशी लांब असायची. आता पार खांद्याच्या रेषेत आलीत."

"बोट रेघेवरच आहे, वहिनी."

होतंच. बाराच्या खरखरीत भागावर दोन्हीकडे एकेक गुळगुळीत रेघ असते. करंगळीशेजारचं बोट त्या रेघेवर ठेवायचं आणि पुढे विचार करायचा नाही, हे इथे पहिल्याच दिवशी शिकवतात. चिमणीला ती रेघ न बघता सापडायची आणि त्याची तिला ऐटही होती.

वहिनीच्या गळ्यात मोजपट्टी कायमचीच. एकदा ती तशीच कुणाच्या लग्नात जाऊन जेवून आली होती. तिने या रेघेपासून त्या रेघेपर्यंत मोजलं. छत्तीस इंच. मग ती कोपऱ्यात गेली. तिथे जुना बार भिंतीला टेकून उभा होता. तो वाकला म्हणून काही आठवड्यांपूर्वी त्याच्या जागी हा आला होता. वहिनीने तोही मोजला. विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजला.

"बत्तीस!" ती तिथूनच ओरडली. "चिमणे, रेघाच सरकल्यात गं!"

आरडाओरडा ऐकून व्यायामशाळेचे सर आले. त्यांनी दोन्ही बार पाहिले आणि कपाळावर हात मारला.

"हा डोक्यावर वजन नेणाऱ्यांचा बार. त्यांच्या रेघा एकमेकींपासून लांब असतात. माझ्या लक्षातच आलं नाही. हात एवढे फाकले की कोपरं बाहेर जातात, दंडामागच्या स्नायूंचं काम कमी होतं आणि खांदा ताणला जातो. तुझी तर सगळी ताकद त्या दंडामागेच! आणि मी आपला म्हणतोय, सगळ्या आळशी झाल्या."

"म्हणजे मी म्हातारी झाले नाही तर!" शेजारच्या बेंचवरून टपालवाल्या बाई म्हणाल्या. एकच हशा पिकला.

चिमणी हसता हसता रडायला लागली. किती दिवसांनी तिला पोटभर श्वास घेता आला. मग तिने डोळे पुसले, साठ किलो चढवायला लावले आणि बेंचवर आडवी झाली. दोन्ही हात रेघेपासून दोन-दोन इंच आत घेतले. कोपरं आपसूक काखेकडे वळली. बार छातीला टेकला आणि कुठेही न अडता वर गेला. या वेळी तिने डोळे मिटले नव्हते. वहिनी उशाशी उभी होती, हात पाठीमागे बांधून.

"किती हलकं गेलं गं, वहिनी!" चिमणी उठून बसली. "कित्येक आठवड्यांत इतकं हलकं गेलं नव्हतं."

वहिनीला हुंदका आला, पण ती हसत होती.

"हलकं कसलं, वेडाबाई? इतके दिवस तू डोळे मिटलेस की माझी दोन बोटं बाराखाली असायची. आज अख्खं वजन तू एकटीने उचललंस."