शेवटची वीस पानं

बाथरूमची कडी लावून ती पालथ्या बादलीवर बसली. वीस पानं उरली होती. पुस्तक नणंदेचं. संध्याकाळी ती न्यायला येणार होती, तिच्यामागे आणखी चौघी रांगेत.

"दोनच मिनिटं हं, ठकी."

"दोन म्हणजे किती?" दारापलीकडून चार वर्षांच्या लेकीने विचारलं. नळ सोडून तिला फसवायचे दिवस संपले होते.

पुस्तकातली बाई यानातून एका परक्या ग्रहाभोवती फिरत होती. तिथला एक दिवस म्हणजे घरचं एक वर्ष. घरी तिची मुलगी. गोष्ट ठकीलाही पाठ होती. रोज घासाघासाला थोडी थोडी भरवलेली. काल तोंडातला घास तसाच ठेवून तिने विचारलं होतं, "मुलगी मोठी झाल्यावर आईला ओळखू येईल?"

"वाचून सांगते."

नणंदेने फोनवर कधीच निकाल लावला होता. "पुस्तक झकास गं वहिनी, पण ती बाई नाही पटत. पोटची पोर टाकून कुठली आई आकाश बघत बसते? पुरुषानेच लिहिलं असणार."

"बाईने लिहिलंय."

"मग बिनपोराची असेल!"

ते ऐकून वहिनी हसली होती. ‘खरंय,’ असंही म्हणाली होती. ते ‘खरंय’ दोन दिवस दातात अडकलेल्या कणासारखं सलत होतं.

दारावर थाप. "झाली दोन?"

"आलेच."

तिने पान उलटलं. परतीची वेळ झाली होती. खाली हिरवा समुद्र उजळत होता, आणि बाई खिडकीपासून हलत नव्हती. अजून एक फेरी, फक्त एक.

"जा, मार एक फेरी," बादलीवर बसलेली पुटपुटली. स्वतःचाच आवाज ऐकून दचकली. मग भराभर वाचत सुटली, बाई घरी कधी पोचते ते बघायला.

थापा थांबल्या. काहीतरी फरफटत आलं. मग खरखर. मग तेही नाही.

चार पानं राहिली होती. पानात बोट ठेवूनच तिने कडी काढली.

दारात ठकी स्टुलावर उभी होती, टाचा उंचावून, चौकटीला पाठ लावून. हातात खडू. चौकटीवर दोन निळ्या रेघा: एक खाली, एक खूप वर.

"ती खालची, तू गेलीस तेव्हाची मी," ठकी म्हणाली. "ही आत्ताची."

मग मान वाकडी करून तिने आईकडे निरखून पाहिलं.

"ओळखलंस का मला?"

पुस्तकातलं बोट अजून पुस्तकातच होतं.