जिंकलेल्या रेसची फाईल

मोटार कंपनीच्या रेसिंग टीमला चाळीस वर्षं झाली, म्हणून टीमचा इतिहास लिहिणारी मयुरी पुण्याहून लालबर्राला आली. टीमचे जुने मेकॅनिक चैतराम मेश्राम तिथंच राहत होते. सत्त्याण्णवच्या मोठ्या विजयाबद्दल तिनं विचारलं, तेव्हा ते म्हणाले,

"त्याच रेसच्या टायमाले माही पोरगी तापानं गेली, बाई. माह्या बायकोनं, कमलानं तार केलती, पण मले ते भेटलीच नाई. तिले लाख डाव सांगतलं. तिनं कधी मानलं नाई. म्हणे, तुमाले पोरीपेक्षा गाडी प्यारी."

मयुरीनं त्या वर्षीच्या फाईलमध्ये सापडलेला पिवळा कागद पुढं केला. तारच होती ती. वर मॅनेजरनं लाल शाईत लिहिलं होतं, 'रेस संपेपर्यंत चैतरामला देऊ नये.'

चैतराम उठले आणि कागद घेऊन आतल्या खोलीकडे धावले.

"कमला! पाह्य वं, मी खोटं नोतो बोलत! पाह्य!"



सून राखी दारातच रडू लागली. "सासूबाईले जाऊन महिना झाला, ताई. बाबा अजूनही विसरतात."