बारा टप्प्यांवरचं घर

उत्तर आलं. पुन्हा आलं. पुन्हा.

काळ्या चौकटीत पांढऱ्या ओळी एकीखाली एक उतरत होत्या, दोऱ्यात मणी उतरावेत तशा. तिनं खुर्ची पुढं ओढून आकडा पाहिला. परवा सकाळी सातपासून दर सेकंदाला एक हाक गेली होती, आणि प्रत्येक हाकेमागं उत्तर आलं होतं. एकही हरवलं नव्हतं.

"काय बाई, गालातल्या गालात?" शेजारच्या टेबलावरचा जाड्या म्हणाला. "कुणाला पिंग करतेयस?"

"बाबांच्या घराला. दोन दिवस झाले, इंटरनेटचा डबा बंद नाही केला त्यांनी."

"म्हणजे म्हाताऱ्यानं शस्त्रं टाकली!"

"टाकली," ती म्हणाली, आणि परत हसली.

कंपनीच्या शाखा दूरदूर पसरल्या होत्या. कुठली लाइन तुटली की ती काळ्या चौकटीत एक ओळ लिहून त्या गावच्या यंत्राला हाक मारायची, म्हणजेच पिंग करायची. आहेस का? यंत्र म्हणायचं, आहे. पगार त्याचाच होता. पडद्याच्या कोपऱ्यातली एक छोटी चौकट मात्र तिची स्वतःची होती. त्यातली हाक बाबांच्या टेबलावरच्या इंटरनेटच्या डब्याला जायची.

त्या डब्यापायीच चार महिने अबोला होता. रोज सकाळी सातला एकमेकांचं तोंड दिसावं म्हणून तिनं डबा बसवून दिला, शेजारी टॅब उभा करून दिला. बोलणं संपलं की बाबा बटण बंद करायचे. माणूस नाही तिथं दिवा जळता कामा नये, हा त्यांचा कायदा. पंख्याला तोच, डब्यालाही तोच. दुपारी कधी तिचा जीव कासावीस व्हायचा, ती टॅबवर फोन लावायची, आणि पलीकडं सगळं बंद. एकदा तिचा तोल गेला.

"बटण दाबलं की लेक आली, बटण दाबलं की गेली. बरंय तुमचं!"

"मग नको लावूस," बाबा म्हणाले.

तिनं नाही लावला. खाण तशी माती.

पण कोपऱ्यातली हाक सुटली नाही. सकाळी सातला उत्तरं सुरू व्हायची, साडेसातला थांबायची. बातम्या ऐकत असतील, ती मनाशी म्हणायची. तेवढ्यानं तिचा दिवस निभायचा. बाबा उठले. बाबा चालले. बाबांचं बोट बटणापाशी पोचलं.

परवा साडेसातला उत्तरं थांबली नाहीत. विसरले असतील, तिला वाटलं. काल कामावर आली, तर रात्रभराची उत्तरं रांगेनं उभी. झोपण्याआधी घरभर फिरून एकेक बटण चाचपणारा माणूस असा विसरणार नाही. म्हणजे मुद्दाम. म्हणजे तिच्यासाठी. तिचे डोळे भरून आले. तेव्हाच फोन लावावा असं वाटलं, हात पुढंही झाला. मग वाटलं, चार महिने मी वाट पाहिली, एक दिवस त्यांनाही पाहू दे.

आज तिनं फोन लावला. वाजला, वाजत राहिला. कुणी उचलला नाही. परत लावला. परत तेच.

तिचे हात आपोआप कामाला लागले. आधी स्वतःला हाक मारायची, मग दाराला, मग वाटेला, ही या कामाची रीत. तिच्या यंत्रानं ओ दिली. खोलीच्या यंत्रानं ओ दिली. मग तिनं सगळी वाट दाखवणारी आज्ञा लिहिली. पहिला टप्पा दाराशी, दुसरा टप्पा रस्त्याशी, तिसऱ्याला शहर सुटलं, सातव्याला डोंगर संपले, बारावा टप्पा बाबांच्या टेबलावर. ज्या टप्प्याकडून उत्तर येत नाही त्याच्यासमोर चांदणी उमटते. आज एकही चांदणी नव्हती.

"लाइन आरशासारखी आहे," ती म्हणाली.

"मग उचलत का नाहीत?"

"रुसलेत. मी एक दिवस उशीर केला ना."

तिनं शेजारच्या काकूंना फोन लावला. काकू आठवडाभर बहिणीकडं जाऊन आज सकाळीच परतल्या होत्या. बाबांची जादा किल्ली त्यांच्याकडं असायची.

"थांब, बघते. तू पण ना, बापासारखीच हट्टी," काकू म्हणाल्या. चपलांचा आवाज आला. कुलपात किल्ली फिरली. "अहो भाऊ, लेकीचा फोन आहे, आता तरी..."

मग काकूंचा श्वास.

"काकू, द्या ना त्यांना. मी बोलते."

"पोरी... खुर्चीतच आहेत गं. गार पडलेत. आजचं नाही हे."

जाड्या उठून तिच्या खुर्चीमागं येऊन उभा राहिला.

"त्या टॅबसमोरच बसलेत," काकू म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. "रोज सातला बसायचे, इस्त्रीचा शर्ट घालून. तुझा फोन येईल म्हणून. अर्धा तास वाट बघायचे नि डबा बंद करून उठायचे. मी म्हणायचे, भाऊ, तुम्हीच लावा की. तर म्हणायचे, लावायला कुठं शिकवलंय तिनं, उचलायला तेवढं शिकवलंय."

तिनं कोपऱ्यातल्या चौकटीकडं पाहिलं.

"ऐकतेयस ना? अगं, काहीतरी बोल. ऐकतेयस ना?"

बाबांच्या घरून उत्तरं येतच होती, एकामागून एक. इकडून मात्र एक शब्द गेला नाही.