तिसरी जोडी

तिसऱ्या जोडीपाशी बाईंनी वेल्डिंगची टॉर्च खाली ठेवली.

पहिल्या दोन जोड्या मनासारख्या जमल्या होत्या. स्टीलला स्टील, मग स्टीलला निकेल. पट्ट्या ब्लेडच्या पात्याएवढ्या पातळ. मायक्रोप्लाझ्माची सुईसारखी ज्योत क्षणभर जास्त रेंगाळली तरी भोक पडावं. पण बाईंचा हात हलला नव्हता. आता समोर एक पट्टी स्टीलची होती, दुसरी टायटॅनियमची.

हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या यंत्रांच्या डब्या बनवणारा तो कारखाना. वेल्डरची एकच जागा निघाली होती आणि परीक्षेला सात जण बसले होते. सहा जण रीतसर शिकून आलेले तरुण. सातव्या या बाई, अकरा वर्षं तपासणी विभागात दुसऱ्यांचे जोड भिंगाखाली पाहणाऱ्या. वेल्डिंग त्या जेवणाच्या सुट्टीत शिकल्या होत्या. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती.

"वेळ संपत आलीय, बाई," परीक्षा घेणारे मेस्त्री म्हणाले.

"माझं झालं."

शेजारचा तरुण गालातल्या गालात हसला. त्याचा तिसरा जोड आरशासारखा चमकत होता.

मेस्त्रींनी पट्ट्या गोळा केल्या. तरुणांच्या तिसऱ्या जोड्या एकेक करून चिमट्यात धरल्या आणि हलकेच वाकवल्या. पहिली कट्‌कन तुटली. मग दुसरी. सहाच्या सहा बिस्किटासारख्या मोडल्या. आता कुणी हसेना.

"तुम्हाला जमला नाही, की तुम्ही दिला नाही?" मेस्त्रींनी बाईंना विचारलं.

"चिकटला असता, पण टिकला नसता. हे दोन धातू एकत्र वितळले की जोड ठिसूळ होतो. मध्ये तिसरा धातू हवा. तो इथे ठेवलेलाच नाही."

मेस्त्रींनी यादीत बाईंच्या नावापुढे खूण केली. मग चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं.

"बरोबर आहे. पण नोकरीचा प्रश्न असताना पट्टी कोरी ठेवायची छाती कशी झाली तुमची?"

बाई हातमोजे काढत होत्या.

"माझ्या आईच्या छातीत इथलीच डबी आहे, मेस्त्री. नऊ वर्षं झाली. अजून रोज सकाळी आईच मला हाक मारून उठवते."