शेऱ्याचा रकाना

"थांब," वॉकीटॉकीतून आवाज आला आणि पुन्हा नुसती खरखर उरली.

ती थांबली. म्हणजे उभीच होती. तिचं कामच उभं राहायचं होतं. चार मीटर उंचीची, आकडे आखलेली पट्टी जमिनीवर टेकवायची, सरळ धरायची आणि दीडशे मीटरवरून दुर्बिणीतून बघणारा सर्व्हेअर आकडा वाचेपर्यंत हलायचं नाही. मग पंचवीस पावलं पुढे, पुन्हा तेच. ओसाड सरकारी माळाचा चढउतार असा पावलापावलाने कागदावर उतरत होता. ऊन मी म्हणत होतं. वाळलेल्या गवताचं पातंही हलत नव्हतं, आणि लांब तंबूपाशी स्वयंपाक्याच्या चुलीचा धूर ओळंबा सोडल्यासारखा सरळ उभा होता.

सर्व्हेअरला तुकडीतले लोक पाठीमागे घुम्या म्हणत. नाव ठेवणाऱ्याला बक्षीस द्यावं असा तो माणूस होता. बोलायचा तेही मोजून. शेवटी मोजणीखातंच ते. आठवडा झाला तरी तिच्या वाट्याला त्याचा जवळजवळ एकच शब्द आला होता, "थांब". तो उच्चारला की तो दुर्बिणीवरून डोळा काढायचा, वहीत वाकून काहीतरी लिहायचा आणि माळाकडे पाठ करून बसायचा. कधी पाच मिनिटं, कधी चांगला अर्धा तास. मग "हं, धर" म्हणून पुन्हा काम सुरू.

काय लिहितो, हे तिला न सांगता कळलं होतं. वहीत प्रत्येक पानाच्या कडेला शेऱ्याचा रकाना असतो. आपली एकेक चूक तिथे तारीखवार चढते आहे, अशी तिची खात्री होती. सहा महिने उमेदवारीचे होते. पहिल्याच कामाचा शेरा वाईट गेला, तर घरी परत. आणि घर म्हणजे आता नुसतं कुलूप होतं.

नेमणुकीचं पत्र आलं, त्याच आठवड्यात बाबा गेले. जाण्याआधी त्यांनी ते पत्र वॉर्डातल्या प्रत्येक खाटेपाशी नेऊन वाचून दाखवलं होतं. एका हातात सलाईनची बाटली, दुसऱ्या हातात पत्र. नर्स ओरडली तर तिलाही दाखवलं. "माझी लेक सरकारी जमीन मोजणार," म्हणाले, "आहात कुठे!"

संध्याकाळी तुकडीतले सगळे टेकाडावर चढत, कारण फोनला रेंज फक्त तिथे यायची. कोणी बायकोशी भांडायचं, कोणी पोराचा पाढा ऐकायचं. तीही चढायची. न जावं तर लोक विचारतील. ती बाबांचा नंबर लावायची. फोन बंद असल्याचं एक बाई सांगायची. ती बाई तरी दोनदा बोलायची. घुम्या मात्र टेकाडावर कधीच दिसला नाही.

रडू यायचं ते दिवसा, आणि काही सांगून यायचं नाही. पट्टी दोन्ही हातांनी धरलेली असली की डोळे पुसायचीही सोय नसते. मग ती पट्टीच्या मागे तोंड न्यायची आणि व्हायचं ते होऊ द्यायची. एवढ्या लांबून कोणाला दिसतंय? मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातलाच प्रकार. पट्टी चार बोटं रुंद होती.

आठ दिवसांचं काम दहा दिवसांनी संपलं. अकराव्या दिवशी कचेरीत साहेबांनी दोघांना समोर उभं केलं.

"दोन दिवस जास्त लागले. तुमच्याकडून हे पहिल्यांदाच," साहेब सर्व्हेअरला म्हणाले. मग तिच्याकडे बघून विचारलं, "या नवीन मुलीला जमत नाहीये का?"

आपणच कबूल केलेलं बरं, असं वाटून तिने तोंड उघडलं. "साहेब, माझीच..."

सर्व्हेअरने वही साहेबांपुढे सरकवली. "शेरा बघा."

साहेबांनी चष्मा चढवला आणि ते पानं उलटत मोठ्याने वाचायला लागले. "दुसरा दिवस, दुपार. वारा. पट्टी स्थिर नाही. थांबलो." पुढचं पान. "वारा. पट्टी स्थिर नाही. थांबलो." आणखी एक. "वारा जोराचा. थांबलो." चष्म्यावरून त्यांनी वर पाहिलं. "या दिवसांत? त्या माळावर?"

"दुर्बिणीला डोळा मी लावला होता," सर्व्हेअर म्हणाला. "वारा होता."

तीस वर्षांत त्या माणसाच्या वहीत एक मिलिमीटर खोटा निघाला नव्हता, हे साहेबांना माहीत होतं. त्यांनी सही केली. तिच्या कागदावर "समाधानकारक" लिहिलं आणि पुढची फाइल ओढली.

ती बाहेर आली. सर्व्हेअर व्हरांड्यात गुडघ्यावर बसून दुर्बिणीची काच मऊ फडक्याने पुसत होता.

"सर," ती म्हणाली, "तिथे वारा तर..."

त्याने दुर्बीण पेटीत ठेवली, झाकण लावलं, दोन्ही कड्या घातल्या. वर बघितलं नाही.

"उद्या पलीकडचा माळ," तो म्हणाला. "वारा सुटला तर थांबू."